संगणक पुन्हा मुका होतो तेव्हा

(नायगाव, जि. नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नायगाव हे नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि त्या राजवटीची कचेरी व न्यायालय उर्दूत चाले. जमीन मराठी शेतकऱ्याची, कर्ज त्याचे, दावाही त्याचाच. परंतु त्या दाव्याचा कागद त्याला वाचता येत नसे. तो कागद घेऊन मुन्शीच्या ओट्यावर बसे आणि मुन्शी जे वाचून दाखवील ते खरे मानून घरी परते. मुन्शी सज्जन असला तरी शेतकरी त्याचा मिंधाच असे. स्वतःच्या आयुष्याविषयीचा मजकूर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणे ही कसली अवस्था असते, हे मराठवाड्याला ग्रंथांतून शिकावे लागलेले नाही. जुन्या घरांतून ती आठवण अजून सांगितली जाते.

अंध माणूस याच अवस्थेत शतकानुशतके जगत आला. ब्रेल लिपीने त्याला स्वतःचे वाचन दिले. भारतीय भाषांसाठी एकरूप अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली. परंतु ब्रेलमध्ये छापलेले तेवढेच त्याला वाचता येई. बँकेचे पासबुक, कचेरीतले परिपत्रक, भावाचे पत्र, दैनिक वृत्तपत्र यांसाठी मुन्शी लागतच असे. तो मुन्शी प्रथमच दूर झाला तो संगणकामुळे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आणि केवळ कळफलकाच्या आधाराने सारा संगणक चालवू देणारी जी आज्ञावली असते तिला स्क्रीन रीडर म्हणतात. जे अक्षर डोळसाला दिसते तेच अंधाच्या कानी पडते, कोणालाही न विचारता. या यंत्राचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. पण एकदा आलेला हा आवाज टिकवून कोण ठेवतो, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. संगणकाची मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, दर काही महिन्यांनी बदलते. त्या बदलाला अपडेट म्हणण्याचा प्रघात आहे. डोळसाला अपडेट म्हणजे चहा घेऊन येईपर्यंतचा खोळंबा. अंधाला तिची धास्ती असते, कारण नंतर यंत्र बोलेल की नाही याची शाश्वती नसते.

असे का होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या दशकातील संगणकाचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. ही अक्षरे यंत्राच्या स्मृतीत ठरलेल्या जागी जशीच्या तशी मांडलेली असत. स्क्रीन रीडर त्या जागेत डोकावे, अक्षरे उचली आणि आवाजाच्या यंत्राकडे पाठवी. काम सरळ होते. अमेरिकेतील टेड हेंटर हा मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेणारा तरुण; १९७८ मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली. १९८७ मध्ये त्याने भागीदारीत कंपनी काढली आणि तिची ‘जॉज’ ही आज्ञावली नावारूपाला आली. त्या काळी अंध कारकून, अंध प्रोग्रॅमर, अंध टेलिफोन ऑपरेटर संगणकावर डोळसांच्या बरोबरीने काम करू लागले होते.

मग विंडोज आले. अक्षरांच्या जागी चित्रे आली, माऊस आला, आणि पडद्यावर जे उमटते ते अक्षर आहे हे स्मृतीत कोठेही नोंदलेले राहीना. डोळसांना संगणक सोपा झाला त्याच घटकेला अंधांना तो बंद झाला. ज्यांनी जुन्या पद्धतीवर हात बसवून नोकऱ्या मिळवल्या होत्या त्यांच्या कचेऱ्या नव्या पद्धतीकडे वळू लागल्या आणि त्यांच्या अन्नावर गदा आली. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी खटपटी करून तोड काढली: विंडोज पडद्यावर काढते ती प्रत्येक रेघ आणि प्रत्येक अक्षर वाटेतच टिपायचे आणि त्यावरून पडद्याची दुसरी प्रतिमा आपल्याकडे बांधायची. म्हणजे भिंतीपलीकडच्या हालचालींवरून पलीकडच्या खोलीचा नकाशा काढण्यासारखे. ही तोड चालली, पण कार्यप्रणालीने रेघ काढण्याची रीत जराशी बदलली की नकाशा चुकू लागे.

या टप्प्यावरची एक घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विंडोज ९५ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगाने मायक्रोसॉफ्टला बजावले की, अंध कर्मचाऱ्यांना वापरता येणार नसेल तर राज्य सरकार ही प्रणाली विकत घेणार नाही. एका राज्याने आपल्या खरेदीची थैली आवळून धरली. दयेच्या आवाहनांना जे साधले नव्हते ते या धमकीने हलू लागले. १९९७ मध्ये कंपनीने अशी सोय आणली की पडद्यावरील प्रत्येक बटणाने, प्रत्येक चौकटीने विचारणाऱ्यास आपले नाव व काम सांगावे. नकाशा चोरून काढण्याची गरज उरू नये असा त्यामागील विचार होता. आणि मौज अशी की, त्याच वर्षी त्याच कंपनीचा इंटरनेट एक्स्प्लोरर ४ बाजारात आला तेव्हा आधीच्या आवृत्तीत चालणारी ही सोय त्यात नीट चालत नव्हती! अंधांच्या संघटनांनी ओरड केली आणि ४.०१ या पुढील आवृत्तीत ती परत आली. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घेतले गेले, ते कोणाच्या दुष्टपणाने नव्हे. नवी आवृत्ती वेळेत बाजारात आणण्याच्या घाईत अंध ग्राहक यादीच्या तळाशी जातो, एवढेच त्याचे कारण. गेल्या तीस वर्षांत याच प्रकाराची लहानमोठी पुनरावृत्ती होत आली आहे.

आज कार्यप्रणाली आणि स्क्रीन रीडर यांच्यात प्रश्नोत्तरांचा करार असतो. ‘येथे काय आहे?’ असे स्क्रीन रीडर विचारतो. ‘बटण आहे, नाव जतन करा’ असे प्रणालीने सांगायचे असते. नव्या आवृत्तीत ते बटण नव्या रीतीने बांधले जाते आणि बांधणाऱ्याने नाव लिहायचे राहून जाते. मग अंधाच्या कानी केवळ ‘बटण, बटण, बटण’ एवढेच पडत राहते. सात दारांच्या ओसरीत माणसाला उभे करावे आणि कोणते दार न्हाणीचे व कोणते विहिरीचे हे सांगू नये, तशी ही गत. कधी नावे असतात पण दारांचा क्रम बदललेला असतो. अंध माणूस संगणक पाहत नाही, तो पाठ करतो. किती वेळा टॅबची कळ दाबली की कोठे पोहोचायचे हे त्याच्या बोटांत असते. खेड्यातील अंध म्हातारा आपल्या घरात काठीशिवाय वावरतो, कारण रांजण कोठे, देवळी कोठे, उंबरठा किती उंच हे त्याला ठाऊक असते. कोणी रात्रीतून रांजण हलवला तर सकाळी डोळस माणूस सहज वळसा घालतो. म्हातारा मात्र आदळतो. बड्या कंपन्यांच्या सजावटकारांना रांजण हलवण्याची हौस भारी.

आता हे सारे एखाद्या तालुका कचेरीत आणून पाहावे. असा एक लिपिक कल्पनेने समोर आणावा जो दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या ३४ व्या कलमानुसार, अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी राखलेल्या एक टक्का जागांतून नोकरीस लागला आहे. तो एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो डोळस सहकाऱ्यांहून वेगाने मराठी टंकलेखन करतो. एके सकाळी तो संगणक सुरू करतो आणि नेहमीचा आवाज येत नाही. यंत्र बंद आहे, की ध्वनिवर्धकाची तार निघाली आहे, की रात्रीतून अपडेट झाली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही, कारण कळण्याचा जो मार्ग तोच बंद पडला आहे. तो शिपायाला बोलावतो. शिपाई पडद्याकडे पाहून सांगतो, “साहेब, नुस्तं गोल गोल फिरायलंय.” थोड्या वेळाने, “इंग्रजीत काहीतरी आलंय, हो-नाही विचारायलंय.” हो म्हणावे की नाही म्हणावे? पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा मुन्शी पुन्हा ओट्यावर येऊन बसला, आणि या खेपेला त्यालाही कागद वाचता येत नाही.

येथून पुढची अडचण यंत्राची कमी आणि कारभाराची अधिक. स्क्रीन रीडर नव्याने बसवायचा तर यंत्राच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. तो वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्या कंत्राटदाराकडे असतो आणि कंत्राटदार जिल्ह्याच्या गावी असतो. करारात छपाईयंत्राची शाई आहे, व्हायरसची तपासणी आहे, स्क्रीन रीडरचे नाव नाही. कंत्राटदाराचा माणूस येतो तेव्हा सगळे पुसून नव्याने विंडोज टाकून देतो. ते त्याला येते. पण वर्षानुवर्षे कानाला सवय झालेली गती, आवाज आणि कळांची रचना त्यात पुसली जाते. काही आज्ञावल्या पेनड्राइव्हवरून, न बसवताही चालतात. पण प्रणाली जेथे परवानगी विचारते त्या सुरक्षित पडद्यावर अशी प्रत गप्प होते. नेमक्या त्याच पडद्यावर तिची गरज असते. विंडोजमध्येच असलेला ‘नॅरेटर’ तीन कळांनी सुरू होतो आणि प्राणसंकटात तो पुष्कळदा उपयोगी पडतो. मात्र ती कळ सांगणारे कोणी भेटावे लागते, आणि विंडोज १० सोबत हिंदीचे आवाज असले तरी मराठीचा आवाज नव्हता. दरम्यान टेबलावर फायली साचतात. त्या दिवसांची नोंद गोपनीय अहवालात ‘कामाचा वेग समाधानकारक नाही’ अशा शब्दांत होण्यास कोणाचीच हरकत नसते. राखीव जागा कायद्याने मिळाली. ती रिकामी केली एका अपडेटने, आणि त्यावर कोणाची सही नाही.

यावर एक उपाय सहज सुचतो, व पुष्कळ अंध तो अवलंबतातही: अपडेट होऊच द्यायची नाही. जुन्या आवृत्तीला चिकटून राहायचे. हा उपाय फसवा आहे. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर जुनी प्रणाली धरून बसणे म्हणजे कुलूप नसलेल्या घरात झोपणे. पुढे एक दिवस स्क्रीन रीडरची नवी आवृत्तीच जुन्या प्रणालीवर चालेनाशी होते. एनव्हीडीए या आज्ञावलीने २०२४ च्या पहिल्या आवृत्तीपासून विंडोज ७ व ८ चा आधार सोडला. तिच्या कर्त्यांना दोष देता येत नाही. मूठभर माणसांनी किती जुनी दारे उघडी ठेवायची? विंडोज ११ साठी तर अनेक जुने संगणकच अपात्र ठरतात, म्हणजे आवाज टिकवायचा तर यंत्र नवे घ्या! मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत नूतनीकरण सर्वांसाठी जुलै २०१६ मध्ये थांबवले तेव्हा सहायक तंत्रज्ञान वापरणाऱ्यांना ते ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत खुले ठेवले होते. अंधाला जुळवून घेण्यास अधिक अवधी लागतो हे कंपनीला मान्य होते असाच याचा अर्थ. तो अवधी हक्क म्हणून मिळावा, मेहेरबानी म्हणून नव्हे, हे मात्र कोणी लिहून घेतले नाही.

खाजगी मालकीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. जॉज ही उत्कृष्ट आज्ञावली आहे यात शंका नाही. परंतु तिच्या कायम परवान्याची अमेरिकेतील किंमत हजार डॉलरच्या घरात राहिली आहे आणि पुढील आवृत्त्यांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. विंडोज बदलले की जॉज बदलावे लागते. म्हणजे एका कंपनीच्या निर्णयाचा भुर्दंड दुसऱ्या कंपनीच्या गल्ल्यात, अंधाच्या खिशातून. तिची जुनी प्रतिस्पर्धी ‘विंडो-आइज’ ही आज्ञावली. कंपन्यांच्या विलीनीकरणात ती आणि जॉज अखेर एकाच मालकाच्या हाती आल्या. २०१७ मध्ये विंडो-आइजची विक्री बंद करण्यात आली. ज्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे हात बसवला होता त्यांचे कौशल्य एका व्यापारी निर्णयाने निकामी झाले. गिरणी बंद पडली की कामगार रस्त्यावर येतो, हे समाजवादी चळवळीने पाहिले आहे. येथे गिरणी बंद पडल्यावर कामगाराचे डोळेच गेले.

मालकी सार्वजनिक असली की काय फरक पडतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह हे दोघे अंध तरुण. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली. करनने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतली, कारण डोळस जो संगणक विकत घेतो तोच वापरण्यासाठी अंधाने पुन्हा तेवढेच पैसे का द्यावेत हे त्याला पटत नव्हते. आज्ञावली मोफत आहे आणि तिची संहिता खुली आहे. जो कोणी शिकेल त्याने ती वाचावी, दुरुस्त करावी, वाटावी. देणग्यांवर व अनुदानांवर ती चालते. वर्षाला तिच्या साधारणतः चार आवृत्त्या निघतात. नायगावातील विद्यार्थ्याला आणि न्यूयॉर्कच्या वकिलाला तीच प्रत मिळते. तथापि मोफत याचा अर्थ बिनखर्ची असा घेऊ नये. विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीमागे कोणाला तरी रात्री जागून पाहावे लागते की कोठे काय मोडले. तो श्रम कोणीतरी करतो आणि त्याचे मोल क्वचितच मिळते.

खुल्या संहितेलाही भांडवलाच्या लहरीचा फटका बसतो. लिनक्सवरील ‘ऑर्का’ हा स्क्रीन रीडर सन या कंपनीच्या आश्रयाने वाढला. २०१० मध्ये ऑरॅकलने सन गिळली आणि त्या कामावरील अनुभवी माणसांना नारळ मिळाला. आज्ञावली मेली नाही, कारण तिची संहिता कोणाच्या तिजोरीत नव्हती. एका जिद्दी कार्यकर्तीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती पुढे चालवली. विंडो-आइजच्या ग्राहकांना ही वाट नव्हती. दोन्हींतील अंतर तेवढेच, आणि ते पुष्कळ आहे. दुसरीकडे, ॲपलच्या यंत्रांवरील बिघाडांची प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर जाहीर नोंद ठेवणारे ‘ॲपलव्हिस’ हे अंधांनीच २०१० पासून चालवलेले स्थळ. २०२४ च्या उन्हाळ्यात चालकांनी थकून ते बंद करण्याचे घोषित केले. दुसऱ्या संस्थेने हात दिला म्हणून ते वाचले. जगातील अतिश्रीमंत कंपनीच्या मालाची तपासणी चौदा वर्षे अंध स्वयंसेवक फुकट करीत होते. याला स्वयंसेवा म्हणावे की वेठबिगार, हा प्रश्न कोणी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

खेड्यापाड्यांत संगणकापेक्षा मोबाइल अधिक. त्यावर ‘टॉकबॅक’ बोलतो, आणि तो गूगलने २००९ मध्ये अँड्रॉइडसोबत आणला त्यामागे महाराष्ट्राशी नाते असलेला एक माणूस होता. टी. व्ही. रामन हे मूळचे पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. भाऊ व आप्त पुस्तके वाचून दाखवीत, त्या बळावर पुणे विद्यापीठातून गणित, मग मुंबईची आयआयटी, आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. त्यामागचा विचार मूलगामी होता. पडदा ही डोळ्यांसाठी केलेली मांडणी. ती वाचून दाखवण्यापेक्षा आतील मजकुरालाच बोलता करावे. दिनदर्शिका असेल तर चौकटींची रांग वाचू नये, आजचा वार सांगावा. पडदा कितीही बदलला तरी अर्थ बदलत नाही. म्हणून की काय, ती आज्ञावली तीस वर्षांनंतरही जिवंत आहे. मात्र ती प्रोग्रॅमरांच्या उपयोगाची, सामान्यांच्या हाती पोहोचली नाही.

मोबाइलवर आणखी एक पेच उद्भवला आहे. टॉकबॅकसारख्या आज्ञावलीला पडद्यावरचे सारे वाचण्याची व वापरकर्त्याच्या वतीने बटण दाबण्याची मुभा द्यावी लागते. हीच मुभा मिळवून चोर बँकेचे खाते रिकामे करू शकतो. म्हणून अँड्रॉइडच्या २०२२ मधील १३ व्या आवृत्तीपासून बाहेरून आणलेल्या ॲपना ही मुभा सहजासहजी मिळेनाशी झाली, आणि काही बँकांची ॲप्स तर अशी सेवा चालू दिसली की उघडतच नाहीत. चोर अडवावा हे योग्यच. पण चोर आणि घरधनी एकाच दाराने येतात म्हणून दारच बुजवले, तर ज्याला दुसरे दार नाही त्याने काय करावे? पैसे पाठवण्यासाठी त्याने पुन्हा शेजारच्या पोराच्या हाती मोबाइल आणि पिन द्यायचा. सुरक्षिततेच्या नावाखाली त्याची सुरक्षितता अशी जाते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम माहिती व संपर्काची साधने सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकते; ४६ व्या कलमाने सेवा देणाऱ्यांना, नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली. संगणकीय साधनांच्या सुगमतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. राजीव रातुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगमतेचे नियम शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवावेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, प्रज्ञा प्रसून व अमर जैन यांच्या याचिकांवर, न्यायालय आणखी पुढे गेले. बँकेच्या ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ज्याला पाळता येत नाही त्याचे काय, या प्रश्नातून डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. हे निकाल मोठे आहेत. परंतु त्यांची अंमलबजावणी जर ‘एकदा तपासले, प्रमाणपत्र दिले’ अशा पद्धतीने होणार असेल तर त्यांचा उपयोग पुढच्या अपडेटपर्यंतच. हातपंप बसवल्याच्या दिवशी हार घालून छायाचित्र काढले जाते. वायसर कोण बदलणार हे ठरलेले नसते. गावोगावच्या कोरड्या हातपंपांनी हे शिकवूनही संगणकाच्या बाबतीत तीच चूक चालू आहे.

शासन हे या देशातील संगणकांचे फार मोठे गिऱ्हाईक आहे. मॅसॅच्युसेट्सने जे केले ते महाराष्ट्राला करता येणार नाही असे नाही. खरेदीच्या आणि देखभालीच्या करारात एवढे लिहिले जावे की, प्रणालीची कोणतीही नवी आवृत्ती कचेरीभर पसरवण्याआधी ती एका यंत्रावर चालवली जाईल, त्या यंत्रावर अंध कर्मचारी स्वतःचे रोजचे काम करून पाहील, आणि तो ‘चालते’ म्हणाल्याशिवाय इतर यंत्रांना हात लागणार नाही. स्क्रीन रीडर बंद पडला तर तो सर्व्हर बंद पडल्याइतका तातडीचा बिघाड गणला जावा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता या अटीशी बांधलेला असावा. हप्ता अडला की स्मरणशक्ती तीव्र होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. यास वेगळा निधी लागत नाही. अंध कर्मचाऱ्याला तपासनीस म्हणून मानण्याची तयारी मात्र लागते, आणि अडचण बहुधा तेथेच आहे. दयेची सवय असलेल्या कारभाराला अंधाची मदत करणे जमते. अंधाकडून तपासून घेणे जमत नाही.

एक काम मात्र मुंबईकडे वा दिल्लीकडे डोळे लावून न बसता होण्यासारखे आहे, आणि ते मराठीचे आहे. एनव्हीडीएसोबत येणारा मुख्य आवाज ‘ईस्पीक’ या खुल्या आज्ञावलीचा. जोनाथन डडिंग्टन या एकट्या माणसाने ती वाढवली. त्याचा हात थांबल्यावर २०१५ च्या अखेरीस इतरांनी ‘ईस्पीक एनजी’ या नावाने ती पुढे नेली. तिच्यात मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण तो जुन्या यंत्रावर चालतो, इंटरनेट मागत नाही आणि वेगाने ऐकता येतो. कचेरीतल्या कामाला हेच गुण हवेत. हिंदीच्या आवाजावर मराठी मजकूर ऐकणाऱ्याला ळ वर ठेच लागते. चमचा आणि चहा यांतले दोन वेगळे च एकसारखे होतात. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले; त्यापूर्वीच्या आज्ञावल्यांना ते ठाऊकच नव्हते. ईस्पीक एनजीमध्ये मराठीच्या उच्चाराचे नियम दोन साध्या मजकूर-फायलींत लिहिलेले आहेत: एकीत अक्षरांचे नियम, दुसरीत अपवादाचे शब्द. त्या वाचायला पदवी लागत नाही. ज्याला मराठी कानाने कळते आणि चार दिवस बसून शिकण्याची ज्याची तयारी आहे, अशा कोणत्याही शिक्षकाला वा विद्यार्थ्याला त्यांत दुरुस्ती सुचवता येते. ती स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीतून सर्वत्र पोहोचते, आणि नायगावच्या कचेरीतल्या यंत्रावरही त्याच अपडेटने येते.